शिबिरातले ताई-दादा: तुमचे अनुभव लिहा

एप्रिलच्या परीक्षा संपत आल्या की आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लागायची. 'मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी उत्साही विद्यार्थी हवेत. राहणे-जेवणे मोफत, शिवाय मानधन.' आता तीच चिठ्ठी 'इंटर्नशिप' म्हणून मोबाइलवर येते. मानधनाचा आकडा तेव्हाही नसायचा, आताही नसतो.

परवा भाचीने विचारलं, "मावशी, जाऊ का गं? तू गेली होतीस ना?" तिला सांगायला बसले आणि जाणवलं, मी सांगतेय त्यातलं काहीच माहितीपत्रकात नसतं. म्हणून हा धागा. व्यक्तिमत्त्व विकास वगैरे राहू द्या, तो त्यांच्या बॅनरवर आहेच. प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. पहिला नंबर माझा.

दापोलीजवळ, २००९, तेव्हा एस.वाय.बी.ए.

७ दिवसांचं निवासी शिबिर. मुलं ४२, वयं ८ ते १२. आम्ही चार ताया आणि तीन दादा. मी १९ वर्षांची, घरात शेंडेफळ. स्वतःची चादरसुद्धा कधी घडी केलेली नव्हती. बसमधून पहिलं पोर उतरलं आणि म्हणालं, "ताई, माझी सॅक धर." धरली. झाले ताई. एवढंच प्रशिक्षण.

दिवसभर काही अडचण नसते. समुद्र, मातीकाम, गाणी, खो-खो. खरं शिबिर सुरू होतं दिवेलागणीला. अंधार पडायला लागला की एकेक चेहरा उतरत जातो. एकाला आई आठवली की साथ पसरल्यासारखी पाच जणांना आठवते. गोष्टी सांगून, पत्ते काढून आम्ही थकलो. स्वयंपाकघरातल्या काकू म्हणाल्या, "रडणारी पोरं इकडे पाठव, कांदे सोलायचेत. कांदा सोलताना रडलं तर कुणी का म्हणून विचारत नाही." दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी काकूंकडे रांग लागायला लागली. त्यातली निम्मी तर नुसती सुरी हाताळायला मिळते म्हणून यायची.

तिसऱ्या रात्री साडेतीनला कुणीतरी माझा खांदा हलवला. माझ्याच गटातली ९ वर्षांची मुलगी, पथारी गुंडाळून छातीशी धरलेली. "ताई, माझी पाण्याची बाटली सांडली." बाटली कोपऱ्यात होती. झाकण घट्ट, पाणी गळ्यापर्यंत. मी म्हटलं, "त्या बाटल्यांची झाकणं तसलीच असतात."

बॅटरी दातांत धरून मोरीवर चादर धुतली. ती शेजारी उकिडवी बसून मगने पाणी घालत होती, एक शब्द न बोलता. पण मे महिन्यातलं कोकण! हवाच ओली, पहाटेपर्यंत काय वाळतंय? दोरीवर एकच चादर दिसली असती, तर सकाळी ४१ पोरांनी विचारलं असतं कुणाची म्हणून. शेवटी माझी स्वतःची भिजवली, शेजारच्या ताईच्या अंगावरची हळूच ओढून तीही भिजवली, आणि तिन्ही ओळीने वाळत टाकल्या. सकाळी जाहीर केलं की रात्री माझ्या हातून बादली लवंडली. त्या ताईने मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. खरं कारण तिला मी बसमध्ये परत येताना सांगितलं.

उरलेल्या सगळ्या रात्री उशीखाली नोकियाचा गजर लावून १२ वाजता आणि ३ वाजता त्या मुलीला उठवून नेलं. बाटली परत सांडली नाही. घरी आल्यावर मी सलग १४ तास झोपले. आईला वाटलं, ताप आला.

पुणे, तेव्हा टी.वाय. फिजिक्स

आमचं शहरातलं दिवसाचं शिबिर, १० ते ५. विज्ञानाचा तास माझ्याकडे. १३ मे हा माझा हुकमाचा पत्ता होता: शून्य सावलीचा दिवस. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा. सूर्य उत्तरेला साडेतेवीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा जाताना एकदा आणि परतताना एकदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. परतीचा दिवस जुलैच्या अखेरीस, आणि तेव्हा आपल्याकडे ढग. म्हणजे बघायचा तर मे महिन्यातलाच. एका पोराने विचारलं, "दिल्लीच्या माझ्या मावसभावाला दिसेल?" म्हटलं, कध्धीच नाही, दिल्ली साडेतेवीसच्या पलीकडे. त्याचा आनंद गगनात मावेना. सूर्याने मावसभावाला वगळलं याचा.

बारा वाजून वीस मिनिटांनी सगळे गच्चीत. चपला घालूनही तळवे भाजत होते. पेले, पेन्सिली, प्लॅस्टिकचे पाइप, जे मिळेल ते उभं केलेलं. साडेबारा झाले, एकतीस, बत्तीस... सावल्या जागच्या जागी! बारीक, पण स्पष्ट. २५ मुलं माझ्याकडे बघतायत. मला दरदरून घाम.

वॉचमनकाकांची मुलगी जिन्याच्या दारात उभी राहून बघत होती. ती शिबिरातली नव्हती. म्हणाली, "दादा, गच्चीला उतार हाय. पाणी जायाला." बरोबरच की! पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला ढाळ दिलेला असतो. माझी प्रत्येक वस्तू किंचित तिरकी उभी होती. तीन वर्षं फिजिक्स शिकून मला ओळंबा आठवला नव्हता. तिचे वडील आधी गवंड्याच्या हाताखाली होते. तिने सुतळीला दगड बांधून हात लांब करून धरला. दगडाची सावली थेट दगडाखाली, आणि सुतळीची सावली गायब. पोरांनी गच्ची डोक्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी आयोजकांनी मला बाजूला घेऊन समजावलं, फी न भरलेली मुलं वर आणायची नाहीत. मी "हो सर" म्हणालो. याचं वाईट अजून वाटतं, दगडापेक्षा जास्त.

सांगली

मानधन या विषयावर माझे दोन शब्द. ठरले होते ३०००. मिळालं ते असं: एक प्रमाणपत्र (आडनाव चुकलेलं), एक टी-शर्ट आणि उरलेला चिवडा, दीड किलो. टी-शर्टने अजून गाडी पुसतो. चिवडा मात्र चांगला होता.

नाशिक, सध्या अमेरिकेत

वरच्या सगळ्यांपेक्षा माझं शिबिर जरा लांबचं, न्यू हॅम्पशायरच्या तळ्याकाठचं. तिथल्या उन्हाळी शिबिरांसाठी परदेशी विद्यार्थ्यांना जे-१ व्हिसा मिळतो, त्याच्यावर गेलो होतो. हुद्दा 'कॅम्प काउन्सेलर'. बाबांनी याचं भाषांतर करून नातेवाइकांत सांगितलं, पोरगा अमेरिकेत समुपदेशक झालाय. प्रत्यक्षात मी ११ मुलांच्या लाकडी खोलीत बंकवर झोपायचो आणि सकाळी त्यांना क्रीम फासायचो.

मुलं ७ आठवडे राहायची. आजीला फोनवर सांगितलं, तर तिने आधी विचारलं, "आई-बाप आहेत ना रे त्यांना?" मोबाइल बंद. रविवारी घरी पत्र लिहायचं, ते दारात दाखवलं तरच जेवणाच्या हॉलमध्ये प्रवेश. एका पठ्ठ्याने चार रविवार एकच वाक्य लिहिलं: 'मी पत्र लिहितोय कारण भूक लागलीय.'

दोन गोष्टी तिथून उचलाव्यात असं वाटतं. पहिली, पोहताना जोड्या. दर थोड्या वेळाने शिट्टी होते, जो तो आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करतो, काठावरचे मोजतात. हिशेब जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही. आपल्याकडे समुद्रावर "सगळे आलात ना रे?" म्हणतात, आणि सगळे "हो" म्हणतात. जो आला नाही तो कसा बोलणार?

दुसरी, शेंगदाणे. आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पहिल्याच दिवशी दोन पिशव्यांत बंद करून बाहेर काढला गेला. मला राग आला होता. मग प्रशिक्षणात दाखवलं, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाचा घसा कसा सुजतो आणि एपिनेफ्रिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं दाबायचं, कपड्यांवरूनसुद्धा. नकली सुईने दहा वेळा सराव करून घेतला. चटणीचा राग गेला. चटणीची आठवण गेली नाही.

पनवेल, तेव्हा बी.कॉम.

मी तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पळून आलो. ६ वर्षांची पोरं होती माझ्याकडे. यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

महाडच्या बाजूला, २०१२

पळून आलेल्या दादांना समजू शकते. मलाही एका रात्री तेच वाटलं होतं.

शेकोटीसाठी लाकडं काढताना आमच्या एका दादाला अंगठ्याला विंचू चावला. लाल, लहानसा. मोठा काळा नाही म्हणून आम्ही उलट निर्धास्त झालो, हे अज्ञान. तो लाल विंचूच वाईट. गडी लोकांपैकी एक म्हणाला कांदा चोळा, दुसरा मंत्र घालणाऱ्याला आणायला निघाला. जीपवाल्या मामांनी कुणाचं ऐकलं नाही. दादाला पुढच्या सीटवर कोंबलं, मला मागे, आणि थेट दवाखाना. वाटेत त्याचा शर्ट घामाने चिंब, हात बर्फासारखे. मी त्याचा हात धरून पाढे म्हणत होते. का, ते विचारू नका.

डॉक्टरांनी प्राझोसिन दिलं आणि रात्रभर रक्तदाब बघत ठेवून घेतलं. सकाळी त्याने चहा मागितला. ही मुळात रक्तदाबाची गोळी, आणि विंचूदंशावर ती वापरून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचेच, हे मला नंतर कळलं. आम्ही त्याच तालुक्यात शेकोटी पेटवत होतो आणि कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर मी केलेल्या प्रत्येक शिबिरात पहिल्या संध्याकाळी गाण्याआधी बूट झटकायला शिकवलं. लाकडाला हात लावायचा तो मोठ्यांनी, तोही बॅटरी मारून. आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर सगळ्या ताई-दादांच्या मोबाइलमध्ये.

पुन्हा मी, धागा काढणारी

हे सगळं भाचीला वाचायला दिलं. विंचवापाशी थांबेल असं वाटलं होतं, पण थांबली नाही. चिवड्यावर हसली, ओळंब्यावर गप्प झाली. रविवारी निघतेय. काल रात्री सॅक भरता भरता आतून ओरडली, "मावशी, चादर एक पुरेल ना?"

म्हटलं, तीन घे.