एका चाकावर डिलिव्हरी करा म्हणणाऱ्यांनी आधी ती बॅग पाठीला लावून बघा

हडपसरचा_रायडर
परवा एकाची पोस्ट बरीच फिरली. म्हणणं असं की फूड डिलिव्हरीवाल्या पोरांनी पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक युनिसायकल घ्यावी, म्हणजे ते एकच मोटरचं चाक, दोन बाजूंच्या पेडलवर उभं राहून चालवायचं. पेट्रोल नाही, पार्किंग नाही, लायसन्स नाही, ट्रॅफिकमधून सुळकन निघायचं आणि लिफ्टमधून थेट कस्टमरच्या दारात. आणि शेवटी लिहिलेलं की "ही मुलं नवीन काही शिकायला तयार नसतात म्हणून मागे राहतात". बाकी सगळं सोडून दिलं असतं, त्या शेवटच्या ओळीने डोकं फिरलं.

मी हे काम केलंय, आता धाकटा भाऊ करतो. चाकाशी माझं वैर नाही. मगरपट्ट्यात एक जण त्यावरून ऑफिसला जातो, मस्त चालवतो. पण त्याच्या पाठीवर लॅपटॉप असतो. आपल्या पाठीवर ती चौकोनी बॅग, आत दोन हंडी बिर्याणी, कोल्ड्रिंकची मोठी बाटली, आणि एखाद्या हॉटेलवाल्याने नुसती रबर लावून दिलेली रस्सा वाटी. गाडीवर बॅगेचा बूड सीटवर टेकतो, वजन गाडी घेते. चाकावर सगळं खांद्यावर. आणि ते चाक चालतंच मुळी झुकून, पुढे झुकलं की पळतं, मागे रेललं की थांबतं, वेगळा ब्रेक नाहीच. आता पाठीवर आठ-दहा किलो डुलत असताना, समोर पीएमपीची बस थांबलेली असताना, मागे रेलून दाखवा.

दुसरं, स्कूटर बंद पडली तर उभी राहते. हे चाक तुम्हाला मोटरच्या जोरावर उभं धरतं. मोटरच्या ताकदीपेक्षा जास्त मागितलं, बॅटरी उतरली असताना जोरात झुकलात, की ते धरणं सुटतं आणि माणूस सरळ तोंडावर. चाक चालवणाऱ्यांच्यातच याला कटआउट म्हणतात. मांजरी गावाच्या रस्त्यावर जुलैमध्ये, पाण्याखाली खड्डा किती खोल ते दिसत नसताना, ऑर्डरचं घड्याळ चालू असताना ही जोखीम कोणी घ्यायची? ज्याला दिवस भरला नाही तर हप्ता चुकतो त्याने? पोरं शिकायला तयार नाहीत हे म्हणूच नका. पडायला तयार नाहीत, एवढंच.

गायरो_बाणेर
मी चालवतो म्हणून लिहितो. व्ही-११ मॉडेलचं चाक आहे, रोज बाणेर ते हिंजवडी. तुम्ही कटआउटचं असं लिहिलंय की जणू चाक दर वळणावर माणूस फेकतं. आधी बीप देतं, मग पायाखालचे पेडल मागे झुकवून तुम्हाला हळू करायला लावतं, त्यालाच टिल्टबॅक म्हणतात. ते धुडकावून पळवणारे पडतात. बॅटरी तळाला जाईपर्यंत ताणायची नाही आणि वेगाची हाव धरायची नाही, हे दोन नियम पाळले की झालं.

आणि खड्ड्यांचं म्हणाल तर माझं चाक १८ इंची आहे, खाली सस्पेन्शन आहे. चांदणी चौकाकडे जाताना जे खड्डे स्कूटरवाल्याचं कंबरडं मोडतात ते मी गुडघे वाकवून पार करतो. उभा असतो त्यामुळे गाड्यांच्या टपावरून पुढचं दिसतं. बाइकवरची पोरं पडत नाहीत का? रोज पडतात. त्यांना कोणी बाइक सोडा म्हणत नाही.

धाकटी_पाती
दादा, तुम्ही पडलात तर घरी बसून लॅपटॉपवर काम कराल. माझा भाऊ पडला तेव्हा मनगट प्लास्टरमध्ये आणि ॲपवरचा आयडी बंद, कारण लॉगइन नाही म्हणजे "निष्क्रिय". ज्या ॲपसाठी पळत होता त्यांच्याकडून चॅटमध्ये एक ठोकळेबाज उत्तर आलं, विम्याचा फॉर्म, आणि हॉस्पिटलचं मूळ बिल मागितलं जे आम्ही आधीच दुसरीकडे जमा केलेलं. तो स्कूटरवरच पडला होता हे खरं. पण स्कूटरला निदान कागद होते.

पावती_पुस्तक
ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. विम्याचं काम करतो म्हणून सांगतो. आपल्याकडे लायसन्स आणि नोंदणीतून सूट आहे ती बॅटरीच्या दुचाकीला, मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत, आणि तपासणी संस्थेने तसं प्रमाणित केलेलं असलं तर. म्हणून भाड्याने मिळणाऱ्या त्या हळू ई-स्कूटरवर पोरं बिनधास्त डिलिव्हरी करतात. गायरो साहेबांच्या चाकाची मोटर २२०० वॅटची आहे. सूट नाही. मग नोंदणी हवी, ती होत नाही कारण मॉडेलला मंजुरीच नाही. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. उद्या एखाद्या आजोबांना धडक बसली तर भरपाई त्या पोराच्या खिशातून, आयुष्यभर.

गायरो_बाणेर
कायदा मीही वाचलाय. चारपेक्षा कमी चाकं आणि इंजिन २५ सीसीच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत येत नाही. इथे इंजिनच नाही.

पावती_पुस्तक
हा युक्तिवाद तुम्ही कोर्टात करा, जिंकलात तर पेढे मी देतो. पण डिलिव्हरीच्या पोराला चौकात हवालदारासमोर तो करायला लावू नका. सीसी मोजता येत नाही म्हणून सगळं माफ असतं तर ज्या इलेक्ट्रिक स्कूटरना हिरवी नंबर प्लेट लागते त्यांना ती का लागली असती? गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. एखाद्या आयातदाराने तिथे मॉडेल नेऊन प्रमाणपत्र मिळवावं, मग बोलू.

नळस्टॉप
तुम्ही सगळे रस्त्यावर कोण काय चालवणार यावर भांडताय, चालणाऱ्याचं कोणी बोलत नाही. कर्वे रोडला फुटपाथवर बाइक, फुटपाथवर टपरी, फुटपाथवर केबलचा खड्डा. आता त्यात हे एकचाकी आलं की ते पण फुटपाथवरच चढणार, आवाज नाही काही नाही, मागून येऊन म्हाताऱ्या माणसाला उडवणार. माझ्या आईने संध्याकाळी फिरायला जाणं सोडलंय. आधी उलट्या बाजूने येणारे डिलिव्हरीवाले बंद करा!

हडपसरचा_रायडर
काका, आईचं वाईट वाटलं, मनापासून. पण उलट्या बाजूने पोरगं हौसेने येत नाही. यू-टर्न लांब, ॲप सरळ रेषेत वेळ मोजतं आणि उशीर झाला की रेटिंग त्याचं जातं. तुम्ही ऑर्डर करता तेव्हा "लवकर या" म्हणून फोन करता की नाही?

नळस्टॉप
मी ऑर्डरच करत नाही. घरी पोळी-भाजी होते.

सिंगापूरहून
इथलं सांगते, कारण हे सगळं इथे होऊन गेलंय. इथे डिलिव्हरीची मुलं ई-स्कूटरवर (तुमच्यासारखी बसायची नाही, दांडा धरून उभं राहायची ती) फुटपाथवरून फिरायची, एकचाकीवाले पण असायचे. अपघात वाढले आणि ५ नोव्हेंबर २०१९ पासून ई-स्कूटरना फुटपाथ बंद. तीन मोठ्या कंपन्यांचे मिळून ७ हजारांच्या आसपास रायडर स्कूटरवर होते, रात्रीत त्यांचं काम अडलं. लोक खासदारांना भेटायला गर्दी करून गेले. मग सरकारने आणि कंपन्यांनी मिळून ७० लाख सिंगापूर डॉलरची मदत काढली, स्कूटर देऊन ई-सायकल घ्या म्हणून. पुढे एप्रिल २०२० मध्ये युनिसायकल, होव्हरबोर्ड सगळ्यांनाच फुटपाथ बंद झाला. आता चालते ती फक्त सायकल ट्रॅकवर, वजन २० किलोच्या आत, वेग २५ च्या आत आणि आगीच्या सुरक्षेचं यूएल २२७२ प्रमाणपत्र असेल तर.

म्हणजे गायरोदादांचं २७ किलोचं व्ही-११ इथे पण बसत नाही. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूची. इथे ट्रॅक आहेत, सलग आहेत, आणि त्यावर हलकं चाक खरंच सोयीचं पडतं. जानेवारी २०२५ पासून प्लॅटफॉर्म कामगारांना, म्हणजे ॲपवरून काम करणाऱ्यांना, कामावर लागलं तर भरपाई कायद्याने मिळते. आधी ते असू द्या, मग वाहन कोणतंही असो.

गायरो_बाणेर
वजनाचं मान्य. हलकी मॉडेलं पण असतात, १४ किलोच्या आसपासची. पण मग रेंज कमी, हेही मान्य करतो. माझ्या चाकाला कंपनी १२० किमी सांगते, माझ्या वजनाला आणि बाणेरच्या चढाला तेवढं कधीच मिळालेलं नाही.

हडपसरचा_रायडर
हे आधी बोलायला पाहिजे होतं. भाऊ सकाळी निघतो, रात्री येतो. भाड्याच्या ई-स्कूटरची बॅटरी संपली की बॅटरी बदलायच्या स्टेशनवर जायचं, रिकामी द्यायची, भरलेली लावायची, चहा प्यायच्या आत मोकळा. तुमच्या चाकाची बॅटरी कवचाच्या आत बसवलेली, ती निघत नाही. काही तास चार्जिंगला लावून कुठे बसायचं, नेमकं रात्री आठच्या गर्दीत? पंक्चर झालं तर कुठला पंक्चरवाला ते कवच उघडून टायर काढून देणार? किंमत लाखाच्या पुढे, आयातीची ड्युटी वेगळी. आणि अमेरिकेतला मामा सामानात घेऊन येईल म्हणाल तर विमानात १६० वॅट-तासाच्या वरची बॅटरी प्रवाशाला नेऊच देत नाहीत, या चाकात साधारण १५०० ची असते.

मानद_सचिव
मूळ पोस्टमध्ये "लिफ्टमधून थेट दारात" असं होतं ना, त्यावर बोलायचंय. आमच्या सोसायटीत बॅटरीचं वाहन लिफ्टमध्ये चालणार नाही. लिफ्टमध्ये बॅटरी पेटली तर आत अडकलेल्याला वाव नाही. आणि डिलिव्हरीवाल्यांना सर्व्हिस लिफ्टच वापरावी लागेल, हा ठराव झालेला आहे.

धाकटी_पाती
बॅटरी समजलं. माणसाने काय केलंय? भाऊ एका टॉवरमध्ये गेला, सर्व्हिस लिफ्टमध्ये फर्निचर अडकून पडलेलं, रहिवाशांच्या तीन लिफ्ट रिकाम्या, वॉचमन म्हणाला जिन्याने जा. अकराव्या मजल्यावर पोचला तर बाईंनी आधी "एवढा वेळ?" आणि मग पाव बोटाएवढी सांडलेली चटणी दाखवली. एक स्टार.

मानद_सचिव
आमच्याकडे असं होत नाही. नियम सुरक्षेसाठी आहे. कोण कुठल्या मजल्यावर जातो हे कॅमेऱ्यात दिसायला हवं.

पावती_पुस्तक
कॅमेरा रहिवाशांच्या लिफ्टमध्ये नाही का?

मानद_सचिव
आहे. प्रश्न गर्दीचा पण आहे. सकाळी मुलं शाळेला निघतात.

धाकटी_पाती
मग सकाळी सात ते नऊ नियम ठेवा ना! दुपारी दोनला कोणाची गर्दी? सरळ सांगा की घामाचा वास नको, त्याच लिफ्टमध्ये शेजारी उभा नको. ज्याच्या हातचं जेवण घ्यायचं त्याच्यासोबत बारा सेकंद उभं राहायचं नाही?

मानद_सचिव
ताई, तुम्ही माझ्यावर जातीयतेचा आरोप करताय. मी निवृत्तीनंतर फुकट हे काम करतो, शिव्या खाऊन. ठराव सर्वसाधारण सभेचा आहे, माझ्या मनाचा नाही.

धाकटी_पाती
तुमच्यावर नाही केला. ठरावावर केला. सभेत हात कोणी वर केले ते तुम्हाला माहीत आहे.

नळस्टॉप
आमच्या जुन्या वाड्यात लिफ्टच नव्हती, कोणाचं काही अडलं नाही.

हडपसरचा_रायडर
काका, जेवण घेऊन पाच मजले तुम्ही चढलात का हो त्या वाड्यात कधी?

सिंगापूरहून
लिफ्टमध्ये बॅटरीची भीती खरी आहे, त्यावर सचिवांशी भांडू नका. इथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटर पेटून लोक गेलेत. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसं मेली, आणि तिथेही ई-बाइक वापरण्यात डिलिव्हरीवालेच पुढे. स्वस्तातली, जोडकाम केलेली बॅटरी घेण्याशिवाय त्यांच्याकडे पर्याय नसतो. माणूस आणि बॅटरी हे दोन प्रश्न वेगळे करा.

गायरो_बाणेर
मी माझ्या चाकाला रिकाम्या घरात चार्जिंगला लावत नाही, एवढंच सांगू शकतो. आणि शेवटचं, त्या मूळ पोस्टमधली "शिकायला तयार नाहीत" ही ओळ मलाही पटली नव्हती. मला शिकायला महिना लागला, मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे पॅड, फुल फेस हेल्मेट घालून, आणि त्या महिन्यात माझा पगार चालू होता. ज्याचा पगार ऑर्डरवर आहे त्याला तो महिना कोण देणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण चाक वाईट आहे हे मी मानणार नाही. कंपन्यांच्या कॅम्पसमध्ये, टाउनशिपच्या आत, जिथे गाड्याच सोडत नाहीत तिथे कँटीनपासून बिल्डिंगपर्यंत डब्बे पोचवायला ते एक नंबर आहे.

हडपसरचा_रायडर
गेटच्या आत, कंपनीने चाक दिलं, शिकवण्याचे दिवस भरून दिले आणि विमा काढला तर, घ्या, तेवढं मान्य. रस्त्यावर नाही. आणि मान्य केलं म्हणून ती पोस्ट बरोबर ठरत नाही.

पावती_पुस्तक
खासगी आवारात नोंदणीचा प्रश्न बराच सुटतो. तरी अपघात विमा पोराच्या नावाने लेखी घ्या, "कव्हर आहे" असं नुसतं तोंडी चालणार नाही. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, त्यात गिग कामगार, म्हणजे ॲपवर ऑर्डरमागे काम करणारे, आलेत. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर भावाला सांगा, आजच कर.

धाकटी_पाती
केली आहे. हातात अजून काही आलेलं नाही.

मानद_सचिव
पुढच्या सभेत सर्व्हिस लिफ्ट बंद असेल तेव्हा डिलिव्हरीवाल्यांना दुसरी लिफ्ट द्यायची, असा विषय मी मांडतो. मंजूर होईलच असं सांगत नाही. बॅटरीचं वाहन मात्र वर येणार नाही, त्यावर मी ठाम आहे.

धाकटी_पाती
"बंद असेल तेव्हा" हे शब्द काढा. मग मांडा.