जुनी ग्राफिक्स कार्डे : दर वॅटमागे किती फ्रेम, हा निकष पुरेसा आहे का?

चर्चाप्रस्ताव

जुने ग्राफिक्स कार्ड (संगणकात गेमची चित्रे, म्हणजे फ्रेम, तयार करणारे कार्ड) अजून चालते आहे, एवढ्यावरून ते वापरत राहावे हे मला पटत नाही. एनव्हीडियाच्या २०१० सालच्या जीटीएक्स ४८० या कार्डाची घोषित वीजमर्यादा २५० वॅट होती. त्याच कंपनीचे फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेले जीटीएक्स ७५० टीआय अवघ्या ६० वॅटमध्ये बऱ्याच गेममध्ये त्याच्या जवळपास पोहोचले. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज पुरवू शकत असल्याने ७५० टीआयच्या मूळ रचनेला पॉवर सप्लायची वेगळी जोडणीसुद्धा लागत नव्हती.

हे यश केवळ चिपवरील घटक बारीक झाल्याचे आहे, असेही म्हणता येत नाही. जीटीएक्स ४८० ची चिप ४० नॅनोमीटरची होती हे खरे. पण मधली केप्लर पिढी आणि ७५० टीआयची मॅक्सवेल पिढी या दोन्ही २८ नॅनोमीटरवरच बनल्या, तरीही त्यांच्या वीजवापरात मोठा फरक पडला. मॅक्सवेलमध्ये १९२ गणनकेंद्रांच्या एका मोठ्या गटाऐवजी १२८ केंद्रांचा गट आला, त्याचे चार स्वतंत्र भाग पाडले गेले, आणि एल-२ कॅश (चिपवरचीच छोटी, वेगवान मेमरी) केप्लरच्या तुल्यबळ चिपमधील २५६ केबीवरून थेट २ एमबी झाली. मेमरीकडे वारंवार धाव घेणे टळले, की त्या धावेची वीजही वाचते. म्हणून माझे मत असे, की जुन्या कार्डांची तुलना दर वॅटमागे मिळणाऱ्या फ्रेमवरच व्हावी आणि या कसोटीला न उतरणारी २५० वॅटची कार्डे निवृत्त करावीत.

प्रतिसाद १ (विरोधी)

आपल्या मांडणीत वीजमर्यादा आणि प्रत्यक्ष वीजवापर यांची गल्लत झाली आहे. घोषित आकडा मुख्यतः कार्डाची शीतनव्यवस्था आणि वीजपुरवठा किती क्षमतेचा असावा हे ठरवण्यासाठी असतो; तो वीजमीटरचा आकडा नव्हे. एएमडीचे एचडी ७९७० हे २५० वॅटचे कार्ड घेऊन त्याच्याही आधीचा गेम सेकंदाला ६० फ्रेमवर मर्यादित करून खेळला, तर कार्डाला पूर्ण जोर लावावाच लागत नाही. स्क्रीन बंद झाल्यावर तर त्या पिढीची कार्डे जवळजवळ पूर्ण झोपी जातात आणि त्यांचे पंखेही थांबतात.

दुसरे म्हणजे चिप चालताना खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या (चिपच्या ठोक्यांच्या वेगाच्या) प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले तर तो खर्च सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, आणि वेग मात्र १० टक्क्यांच्या आसपासच कमी होतो. कारखान्यातून येणारी सेटिंग्ज सर्वात कमकुवत चिपसुद्धा स्थिर चालावी अशा बेताने ठरवलेली असल्यामुळे बहुतेक कार्डांत ही सूट शिल्लक असते.

आणि तासांचे काय? २५० वॅटच्या कार्डाच्या जागी १२० वॅटचे जीटीएक्स १०६० बसवले आणि दोन्ही पूर्ण क्षमतेने चालली असे धरले, तरी रोज दोन तासांच्या खेळात वर्षाला साधारण ९५ युनिटांचा फरक पडतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याच्या बाबतीत तो १४ युनिटांच्या आसपास येतो. तेवढ्यासाठी चालते कार्ड भंगारात काढायचे?

प्रतिसाद २

दोघांनाही एक आठवण : मोजणी कशी केली, हे सांगितल्याशिवाय आकडे निरुपयोगी आहेत. जुन्या रेडिऑन (एएमडीच्या) कार्डांच्या सेन्सरवर बहुधा फक्त चिपचा वीजवापर दिसतो, तर जीफोर्स (एनव्हीडियाच्या जीटीएक्ससारख्या) कार्डांवर संपूर्ण कार्डाचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून रेडिऑन काटकसरी ठरवणारे अनेक जण पाहिले आहेत. भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावला, तरी त्यात पॉवर सप्लायमधील गळती आणि प्रोसेसरही येतात. आणि वेगवान कार्ड प्रोसेसरला अधिक काम देत असल्याने तिथले वाढीव वॅट अकारण कार्डाच्या माथी मारले जातात.

घोषित आकड्यांची गोष्टही तशीच. एएमडीचे आरएक्स ४८० हे २०१६ साली १५० वॅटचे म्हणून आले, पण सुरुवातीच्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ते स्लॉटमधून ७५ वॅटपेक्षा अधिक वीज ओढताना आढळले आणि उत्पादकाला ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती करावी लागली.

प्रतिसाद ३ (प्रस्तावाच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने)

वॅटचा वाद घटकाभर बाजूला ठेवू. जीटीएक्स ४८० ला व्हल्कनचा (गेमने ग्राफिक्स कार्डाला काम सांगण्याच्या एका नव्या पद्धतीचा) आधारच नाही. जो गेम केवळ व्हल्कनवर चालतो तो त्यावर सुरूच होणार नाही, मग दर वॅटमागे किती फ्रेम हा प्रश्न तरी कुठे उरला? केप्लर पिढीचे नियमित गेम-ड्रायव्हर २०२१ साली थांबले, आणि एचडी ७९७० च्या पिढीचेही त्याच वर्षी.

मेमरीकडेही पाहावे. २०१२ मध्ये १९५ वॅटचे जीटीएक्स ६८० हे २५० वॅटच्या एचडी ७९७० पेक्षा सरस म्हणून गाजले आणि त्या दिवसापुरते ते योग्यही होते. पण पहिल्याकडे २ जीबी मेमरी होती आणि दुसऱ्याकडे ३ जीबी. पुढच्या गेममध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) २ जीबीत मावेनासे झाले, की ते संगणकाच्या मुख्य मेमरीतून पीसीआय एक्सप्रेसमार्गे (कार्डाच्या स्लॉटच्या तुलनेने संथ वाटेने) आणावे लागते आणि चित्र अडखळते. वाट पाहणारे कार्ड वीज कमी खाते, त्यामुळे सरासरीत ते काटकसरीच दिसते!

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

व्होल्टेजचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. ‘निवृत्त करावीत’ हे विधान मी रोज पाच-सहा तास चालणाऱ्या यंत्रांपुरते मर्यादित करतो. मात्र त्या सवलतीचा लाभ एकट्या जुन्या कार्डाला देणे न्याय्य नाही, कारण जीटीएक्स १०६० चेही व्होल्टेज उतरवता येते. तसेच ६० फ्रेमची मर्यादा दोघांना लावली, तर अधिक क्षमतेचे कार्ड तेच काम कमी वारंवारतेवर करते आणि प्रमाणातील फरक वाढूही शकतो.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

प्रमाण वाढेल, हे मान्य. पण मर्यादा लावल्यावर दोन्हींचे वॅट उतरलेले असल्याने युनिटांतील फरक मी धरलेल्या ९५ च्या बहुधा खालीच राहील, आणि माझा आक्षेप युनिटांपुरता आहे. रोज सहा तासांचा वापर असेल तर मी आपल्याशी वाद घालणार नाही. व्हल्कनच्या मुद्द्यावर एवढेच, की तो जीटीएक्स ४८० ला लागू आहे, एचडी ७९७० ला नाही. त्यावर व्हल्कन चालते.