जजची बदली कोण करतंय, सरकार का हायकोर्ट?

खानापूरकर: आमचा जमिनीचा दावा, साक्ष निम्म्यावर आलेली आणि जजसाहेबांची बदली झाली की ओ! गल्लीत सगळे म्हणतात बेंगळुरूच्या मंत्र्यानं केली, खरं काय? आता सगळं पहिल्यापासून होणार काय?

टिळकवाडी_वकील: मंत्र्याचा काय संबंध नाही. घटनेचं कलम 235 बघा, सिव्हिल जजचं पोस्टिंग, बढती, रजा सगळं हायकोर्टाच्या हातात, नेमणूक तेवढी राज्यपालांच्या नावानं होते. आणि घाबरू नका, झालेली साक्ष धरून नवीन साहेब तिथनंच पुढं चालवू शकतात, दिवाणी दाव्यांचा कायदा, म्हणजे सिव्हिल प्रोसीजर कोड, त्यातला ऑर्डर 18 रूल 15 बघा.

निपाणीकर: आणि टर्म किती वर्षांची? न्यूयॉर्कात सिव्हिल कोर्टाचा जज लोक मत टाकून निवडतात म्हणे 😄

टिळकवाडी_वकील: हो, तिथं 10 वर्षं, क्रिमिनल कोर्टाचा मात्र मेयर नेमतो, त्याचीपण 10च. टर्म चालू असताना पगार कमी करता येत नाही हे न्यूयॉर्क राज्याच्या स्वतःच्या घटनेतच लिहिलंय, आणि गरज पडली तर तात्पुरतं दुसऱ्या कोर्टात बसवतात. आपल्याकडं टर्म बिर्म काय नाही, 60 ला रिटायर, नव्या सिव्हिल जजचा बेसिक 77,840.

खानापूरकर: मत टाकून जज?? आमच्यात मग दाव्यातसुद्धा पार्टी आली असती बघा. बरं, तारखेला कागद काय काय आणू?