आईचा वाढदिवस, ४ वाजताचा चहा... जळगावात कुठे न्यावं?

शेवभाजी_वाला:
येत्या रविवारी आईला ६५ पूर्ण होताहेत. रात्रीचं जेवण नको म्हणते, ७ नंतर ती काही खात नाही आणि अमळनेरला परत जायची घाई, मुक्काम कर म्हटलं की म्हशीची धार कोण काढेल म्हणते (म्हैस विकून ४ वर्षं झाली भो). म्हणून दुपारी चहा, थोडं खाणं, केक, बस. आम्ही ११ जण, त्यात २ पोरं आणि शुगरवाले मामा. जागा सुचवा.

तापीकाठ:
हॉटेलात हाय टी ठरवत असाल तर चहा कसा देतात ते आधीच विचारून घ्या. मागच्या वर्षी सासूबाईंना एका मोठ्या हॉटेलात नेलं, तीन मजली स्टँडवर काकडीची बोटाएवढी सँडविचं आणि कपात गरम पाणी, त्यात दोरा लटकलेली पुडी. बाईंनी पुडी काढली, पिळली, बशीत ठेवली आणि वेटरला म्हणाल्या, "दादा, आता चहा आण."

धुळेकर_८२:
@तापीकाठ 😂😂 बाकी त्याला हाय टी म्हणणंच चूक आहे, ते आफ्टरनून टी. विलायतेत हाय टी म्हणजे कामावरून आलेल्या मजुरांचं संध्याकाळचं पोटभर खाणं, आपण नाव तेवढं उचललं.

तापीकाठ:
बिल मात्र साहेबाचंच आलं होतं भाऊ.

मेहरूणची_बोरं:
घरीच करा ना, गच्चीवर. दुपारी आधी गांधी तीर्थ दाखवून आणा, गांधीजींवरचं म्युझियम, २०१२ ला सुरू झालं, आणि मी जळगावात राहून मागच्या दिवाळीपर्यंत पाहिलं नव्हतं, लाज वाटली. मग घरी येऊन बिबडे (ज्वारीचे पापड) तळा, केळीचे वेफर्स, गरम भजी. ११ जणांना लिटरभर दूध, अर्धा लिटर पाणी, आलं ठेचून. मामांचा कप साखर घालायच्या आधीच गाळून घ्या, नाहीतर मग बिनसाखरेचा वेगळा चहा कोणी करत नाही आणि ते बिचारे तसाच पितात, माझे वडील प्यायचे. संध्याकाळी सगळे मेहरूण तलावावर चक्कर मारा, आता बोरांचा सिझनपण आहे.

शेवभाजी_वाला:
अपडेट. घरीच केलं. गांधी तीर्थ राहिलं, पोरं झोपली होती. बिबडे बायकोने तळले, केक कापला, आईने चहा बशीत ओतला, एक घोट घेतला, काही बोलली नाही. पाच मिनिटांनी बघतो तर ओट्यापाशी उभी, सगळ्यांचे कप पातेल्यात परत ओतून उकळायला ठेवलेले, वरून आणखी पावडर. मामांचापण त्यातच गेला, त्यांनी तक्रार केली नाही, उलट दोन बशा प्यायले.
मुक्काम नाहीच केला. म्हैस.