अ‍ॅटनबरो म्हणजे नुसता आवाज?

सांजवात: काल एका पोस्टमध्ये वाचलं: "डेव्हिड अ‍ॅटनबरो म्हणजे दुसऱ्यांनी टिपलेल्या चित्रांवर बोलणारा आवाज. त्यांच्या कारकिर्दीचं एवढं कौतुक कशाला?" बीबीसीच्या निसर्गमालिकांच्या या ब्रिटिश निर्मात्या-निवेदकाबद्दल असं वाचून राहवलं नाही, म्हणून धागा काढतोय. १९५४ साली बीबीसीवर 'झू क्वेस्ट' ही प्राण्यांवरची मालिका आली तेव्हा ते निर्माते होते. पडद्यावर यायचं होतं लंडन प्राणिसंग्रहालयाच्या जॅक लेस्टरना. पहिल्या भागानंतर लेस्टर आजारी पडले म्हणून अ‍ॅटनबरो उभे राहिले. बीबीसीत तेव्हा ३५ मिमी रुंदीच्या फिल्मचा हट्ट, पण त्या जड कॅमेऱ्यांचा बोजा जंगलात वाहायचा कुणी? यांनी हलक्या १६ मिमीसाठी भांडण केलं. १९६५ ते १९६९ बीबीसी टू या वाहिनीचे कंट्रोलर, म्हणजे प्रमुख. १ जुलै १९६७ ला विंबल्डनपासून तिथे रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. 'पॉट ब्लॅक' या तिथल्या कार्यक्रमामुळे स्नूकर घराघरात गेलं, कारण त्या बॉलचे रंग दिसल्याशिवाय खेळच कळत नाही. मग खुर्ची सोडली आणि १९७९ ला 'लाइफ ऑन अर्थ' मालिकेचे १३ भाग स्वतः लिहिले.

खडीसाखर: १९७९ वर थांबलात, सोयीचं आहे. २००१ चं 'ब्लू प्लॅनेट', २००६ चं 'प्लॅनेट अर्थ' यांत ते निवेदकच आहेत. अमेरिकेत 'प्लॅनेट अर्थ'ला अभिनेत्री सिगर्नी वीव्हर यांचा आवाज होता. म्हणून लांडग्यांची कॅरिबूमागची शिकार फिकी पडली का? ते दृश्य हेलिकॉप्टरखाली बसवलेल्या, धक्के जिरवणाऱ्या कॅमेऱ्याचं यश आहे.

सांजवात: निवेदन सोपं वाटतं तुम्हाला? चित्र आधी कापलेलं असतं, शब्द त्या मापात बसवायचे. दिसतंय तेच सांगितलं की प्रेक्षक कंटाळतो. न दिसणारं जास्त सांगितलं की नजर चित्रावरून उडते. हाती आलेली संहिता ते स्वतःच्या बोलीत बसवून घेतात आणि शिकारीच्या क्षणी गप्प राहतात. ते गप्प राहणंच अवघड.

रानवाट: अवांतर, पण आवाजाचाच विषय आहे म्हणून. त्या मालिकांमधली पावलं, चावणं, पंखांची फडफड बहुतेक स्टुडिओतली असते. प्रेक्षकाला सांगत का नाहीत? ही फसवणूक आहे.

ध्वनिलहर: मग करायचं काय? लांब भिंगाने शेकडो मीटरवरून चित्र मिळतं, माइकला मिळतो फक्त वारा. बर्फातल्या पावलांसाठी कॉर्नफ्लॉवर कापडी पिशवीत घट्ट बांधतात आणि चित्र बघत मुठीने दाबतात. पीठ कोरडंच हवं. ओल लागली की गुठळ्या होतात, करकर जाते. माइक फार जवळ नेला तर खर्ज फुगतो आणि कोल्हा हत्तीसारखा चालतो. खोलीत घुमारा असला तर उघड्या माळरानाचा भास मोडतो. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दोन-तीन चुकल्या की पाऊल आणि आवाज वेगळे पडतात. देवमाशाचं गाणं मात्र हायड्रोफोनने, म्हणजे पाण्याखालच्या माइकने, खरंच टिपता येतं.

रानवाट: कृती छान सांगितलीत, प्रश्न तसाच राहिला. २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मध्ये अस्वलाच्या पिल्लांचं दृश्य नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयातलं होतं, जोडलं होतं आर्क्टिकच्या चित्रांना. बोभाटा झाला तेव्हा लोकांना कळलं.

सांजवात: रानातल्या गुहेत कॅमेरा घातला असता तर आईने पिल्लू मारलं असतं, नाहीतर कॅमेरामन! बीबीसीने वेबसाइटवर तशी माहिती दिली होती. तुम्हाला त्या मालिकेत एवढंच दिसलं?

रानवाट: आवाज चढवू नका. मालिका टीव्हीवर, खुलासा वेबसाइटवर, हे मला पटत नाही. एक ओळ निवेदनातच हवी होती, आणि निवेदक तेच होते. आवाजाचं श्रेय घ्यायचं तर ही जबाबदारीही घ्या.

खडीसाखर: रानवाट यांच्याशी सहमत. हवामान बदलावरही पूर्ण कार्यक्रम यायला २००६ उजाडलं, इतक्या विश्वासाच्या माणसाने फार उशीर केला. कंट्रोलर म्हणून केलेलं काम मोठं होतं, एवढं मान्य करतो. 'नुसता आवाज' हे शब्द १९७९ पर्यंतच्या कामाला लागू नाहीत. २००१ नंतरच्या मालिकांचं श्रेय मी कॅमेरामनलाच देणार.