लोकं शिव्या घालायला लागली की सरकार जातंच का? (पैज लागलीय, जरा मदत करा)

फुलेवाडीकर

मंडळी, रविवारी मिसळ खाताना आमच्यात जुंपली. आमचा एक मित्र म्हणतो, केंद्रातलं कुठलंबी सरकार घ्या, निवडणूक सात-आठ महिन्यांवर आली आणि चहाच्या गाड्यावर, एसटीत, दाढीच्या दुकानात सगळीकडं त्याच्या नावानं शिव्या सुरू झाल्या की ते गेलं म्हणून समजायचं. 77, 89, 2004, 2014, चारी वेळा हेच झालं म्हणे. मी म्हटलं असं काय नसतंय, सावरतात की सरकारं, तर म्हणाला दाखव उदाहरण, आणि नेमकं तिथं मला एकपण धड आठवेना, तोंडात ब्रेड आणि डोकं रिकामं. तर पैज लागलीय पुढच्या रविवारी सहा जणांच्या मिसळीची, एक्स्ट्रा कटासकट.

बुडायला आलेलं सरकार राष्ट्रीय निवडणुकीत सावरलं अशी खरी उदाहरणं पाहिजेत, आणि कशामुळं सावरलं ते पण. परदेशातलं चालेल. विधानसभा नको, ती तो धरणार नाही. आणि हात जोडून सांगतो, आत्ताच्या पक्षांची भांडणं हिथं नकोत, मागच्या धाग्याचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

कागलचा मास्तर

पहिल्यांदा तुमच्या मित्राला सांगा की 2004 यादीतनं काढ. तेव्हा लोक शिव्या घालतच नव्हते, निदान ऐकू येतील अशा तरी नाही. डिसेंबर 2003 ला भाजपनं मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड जिंकलेलं, त्या जोरावर ऑक्टोबरपर्यंत मुदत असताना लोकसभा फेब्रुवारीतच विसर्जित केली. फील गुड काय, इंडिया शायनिंग काय, चाचण्या पण त्यांच्याच बाजूनं.

मी तेव्हा गावी राहायचो. आमच्याकडं त्या दोन वर्षांत उसावर लोकरी मावा आलेला. पानाच्या खालनं कापूस चिकटवल्यासारखं पांढरं, वरनं काळी बुरशी, फडात शिरलं की अंगाला सगळं चिकट लागायचं. अशात घरच्या लँडलाइनवर वाजपेयींचा तो रेकॉर्ड केलेला फोन आला आणि नेमका आजीनं उचलला. तिला वाटलं माणूस खरोखर बोलतोय. तिनं त्यांना माव्याचं सगळं सांगितलं, औषधाचा डबा केवढ्याला झालाय ते पण, आणि काहीच न बोलता फोन ठेवला म्हणून दिवसभर फुगून बसली. मत कुणाला दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता आकडे. महाराष्ट्रात तेव्हा युतीला 25 आणि आघाडीला 23, म्हणजे आपल्या राज्यात ते हरलेच नव्हते. मार बसला आंध्र आणि तमिळनाडूत. तेलुगू देसम 29 वरनं 5 वर आली, द्रमुक डिसेंबरातच पलीकडं गेलेली, तिथल्या 39 च्या 39 जागा त्या आघाडीनं नेल्या. शेवटी भाजप 138, काँग्रेस 145. सात जागांत दिल्ली गेली.

आणि सावरलेलं सरकार पाहिजे तर 1999 घ्या की. नोव्हेंबर 98 ला कांद्याच्या दरानं भाजपची दिल्लीची विधानसभा घालवली, राजस्थान पण गेलं. एप्रिल 99 ला एका मतानं सरकार पडलं, 269 विरुद्ध 270. आणि ऑक्टोबरात तेच वाजपेयी परत पंतप्रधान. गंमत अशी की भाजपच्या जागा 98 ला पण 182 आणि 99 ला पण 182. स्वतःची एकपण वाढली नाही, दोस्त बदलले आणि वाढले.

फुलेवाडीकर

मास्तर जबरदस्त. पण आत्ताच त्याला व्हॉट्सॲपवर टाकलं तर म्हणतोय कारगिल झालं होतं, युद्धाचं धरायचं नाही. पैज लावताना असं काही ठरलं नव्हतं खरं तर.

ब्रॅम्प्टनचा पाहुणा

मूळ राजारामपुरीचा, आता कॅनडात. भावा, तुझ्या मित्राला कॅनडा 2025 दे आणि गप बस.

शिव्यांचंच मोजायचं तर इथं तेव्हाचा लिबरल पंतप्रधान ट्रुडोच्या नावानं लोकं गाड्यांच्या मागं स्टिकर लावून हिंडायची, आपल्याकडं आईवडिलांचा आशीर्वाद लिहितात त्या जागी. घरभाडं, घरांच्या किमती, कार्बन टॅक्स, सगळ्याचा राग. डिसेंबर 2024 ला त्याच्या अर्थमंत्री बाईंनीच राजीनामा फेकला, 6 जानेवारीला हा पण जातो म्हणाला. तेव्हा विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह चाचण्यांत वीसेक टक्क्यांनी पुढं होते. आमच्या ऑफिसात तर पुढच्या मंत्रिमंडळात कोण कोण यावर गप्पा चालायच्या.

मग लिबरलांनी मार्क कार्नी आणला, आधी कॅनडाच्या आणि मग इंग्लंडच्या रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर राहिलेला माणूस, तोपर्यंत खासदार सुद्धा नव्हता. मार्चमध्ये शपथ घेतली आणि पहिल्याच दिवशी तो कार्बन टॅक्स शून्यावर आणायची सही केली. 1 एप्रिलला पेट्रोल पंपावर दर खाली आलेला मी डोळ्यानं बघितलाय, रांग लागलेली. म्हणजे विरोधकांनी दोन वर्षं ज्या एका घोषणेवर सभा मारल्या तीच गायब. त्यात तिकडनं ट्रम्प टॅरिफ लावतोय आणि तुम्हाला 51वं राज्य करतो म्हणून डिवचतोय. 28 एप्रिलला मतदान, लिबरल 169, आणि विरोधी नेता पॉलिएव्ह स्वतःच्या मतदारसंघात पडला.

पण एक बघ, कॉन्झर्व्हेटिव्हांची मतं कमी झाली नव्हती, उलट वाढून 41 टक्क्यांवर गेली. मेला तो तिसरा. एनडीपी नावाचा डावा पक्ष, त्याची मतं घाबरून लिबरलांकडं पळाली, त्याचे सातच खासदार राहिले. म्हणजे सरकारवरचा राग गेला असं नाही, तिसऱ्याची मतं सरकारच्या पदरात पडली.

हलगी घुमतीय

हे तर खासबागेत बसणाऱ्या कुणालाबी कळतंय. खाली आलेला पैलवान हरलेला नसतो. पाठ टेकली तर हरला. वरच्याला खालच्याला चितपट करणारा घिस्सा डाव जमला पायजे, नायतर तो नुसता पाठीवर बसून दम घालवतोय आणि खालचा गडी श्वास घ्यायलाय.

स्लाऊवरून सुनीता

कोल्हापूरकर जमले की कुस्ती आणि मिसळ दोन्ही आलंच पाहिजे असा नियम आहे का 😀

पाहुणे म्हणतात ते खरं पण चेहरा बदलला की सावरतं असं कुणी समजू नका. आमच्याकडं इंग्लंडात हुजूर पक्षानं एका मुदतीत तीन पंतप्रधान केले, बोरिस जॉन्सन, मग दीड महिना लिझ ट्रस, मग ऋषी सुनक. ट्रस बाईंच्या त्या बजेटनंतर व्याजदर असे उडाले की आमच्या घराच्या कर्जाचं फिक्स्ड डील त्याच सुमाराला संपत होतं आणि नवीन हप्ता बघून नवऱ्यानं कॅल्क्युलेटर बंद करून परत चालू केला, आकडा तोच. असला राग माणूस बदलून जात नाही, तो दर महिन्याला पाच तारखेला खात्यातनं जातो. सुनकनी मे 2024 मध्ये भर पावसात छत्री न घेता निवडणूक जाहीर केली, सूट पाण्यानं चिंब, सगळ्या देशानं तेच लक्षात ठेवलं. 4 जुलैला हुजूर 365 जागांवरून 121 वर.

आणि हलगीवाल्यांसाठी, मजूर पक्षाला 411 जागा मिळाल्या त्या फक्त 34 टक्क्यांच्या आसपास मतांवर. हुजूरांची मतं फराजच्या रिफॉर्म पक्षानं खाल्ली, त्याला 14 टक्के मतं आणि जागा पाच. कॅनडात तिसरा मेला म्हणून सरकार वाचलं, इथं तिसरा जगला म्हणून मेलं.

शिरोळचा ऊसवाला

एवढं इंग्लंड कॅनडा कशाला हिंडायलाय. 2019 चं सांगतो, राजकारण म्हणून न्हाई, हिशोब म्हणून. डिसेंबर 18 ला तीच तीन राज्यं भाजपनं घालवली जी 2003 ला जिंकलेली. सगळे म्हणाले शेतकरी चिडलाय, आता खरं न्हाई. 1 फेब्रुवारीच्या बजेटात शेतकऱ्याला वर्षाला 6000 जाहीर, ते पण मागच्या डिसेंबरपास्नं लागू. साखरेचा किमान दर 29 चा 31 केला. मला मेसेज आला तवा मी मोटर चालू करायला विहिरीवर होतो, 2000 जमा. दोन हजारात काय होतंय, युरियाची चार पोती आणि डिझेल. पण पैसं आलं हे खरं, आणि मागायला कुणाच्या दारात जावं लागलं न्हाई हे जास्त खरं. पुलवामा-बालाकोट पण त्याच महिन्यात झालं, म्हणजे कशानं किती मतं फिरली ते वेगळं काढून कुणी दाखवू शकत न्हाई, जो दाखवतो तो टीव्हीवाला. भाजप 303.

आणि आमच्या हातकणंगल्यात दहा वर्षं खासदार असलेले, उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसणारे राजू शेट्टी पडले. शेतकरी चिडला की सरकार पडतं म्हणणाऱ्यांनी ह्याचं उत्तर द्यावं. मी स्वतः आंदोलनात होतो आणि मत कुणाला दिलं ते मास्तरांच्या आजीगत मी पण सांगणार न्हाई.

कागलचा मास्तर

ऊसवाले, आजीला तुम्ही आवडला असता.

फुलेवाडीकर, मित्र युद्ध नको म्हणतो ना, मग 2009 द्या. काँग्रेस आघाडीचं सरकार, 2008 च्या मध्याला महागाई 12-13 टक्क्यांपर्यंत गेलेली, डाव्यांनी अणुकरारावरनं पाठिंबा काढला, जुलैत विश्वासदर्शक ठराव 275-256 नं कसाबसा वाचला, संसदेत नोटांची बंडलं नाचवली गेली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला. कागदावर हे सरकार संपलेलं. पण डिसेंबर आणि जानेवारीत पेट्रोल पाच-पाच रुपयांनी दोनदा उतरलं, मतदान आलं तोवर घाऊक महागाईचा आकडा शून्याजवळ. कर्जमाफी आधीच झालेली. (ती पुढं आपल्या जिल्ह्यात अपात्र ठरवून वसुलीला निघाली ते झेंगट वेगळं.) काँग्रेस 145 वरनं 206.

मी तरी हेच बघतो, शिव्या किती पडतात ते नाही, तर शेवटच्या चार महिन्यांत दर चढायलाय का उतरायलाय. माणसाला दीड वर्षामागची महागाई आठवत नाही, कालची आठवते.

आणि जाता जाता, मिसळीच्या टेबलावरनं देशाचा अंदाज बांधू नका, निदान कोल्हापुरातल्या तरी. 2009 ला देशात काँग्रेस आघाडी, आपण अपक्ष मंडलिक निवडले. 2014 ला सगळीकडं मोदी लाट, महाराष्ट्रात राष्ट्रवादीला चार जागा, त्यातली एक आपली. आपण नेहमी उलट्या बाजूनं ताट वाढून घेतो.

फुलेवाडीकर

मंडळी निकाल सांगतो. 2009 त्यानं मान्य केलं, पण मनापासनं नाही, म्हणाला तेव्हा समोर अडवाणी होते म्हणून. मी म्हटलं मग तेच तर म्हणतोय की सगळे, समोर कोण हाय त्यावर हाय. तर गप बसला. इंग्लंड त्याला फार आवडलं, ते मी दाखवायलाच नको होतं. कॅनडा सकाळपर्यंत मान्य होतं, मग पठ्ठ्यानं गूगल करून काढलं की तिथं बहुमताला 172 लागतात आणि लिबरलांना 169 च मिळाल्या, म्हणजे सरकार पूर्ण सावरलंच नाही. आता म्हणतोय मिसळ देतो, एक्स्ट्रा कटाचे पैसे तुझे तू दे.