फौजी घरी आला की त्याला सांभाळायचं कुणी? गावानं की फौजेनं?

सड्यावरचा
मत कडू वाटेल, तरी मांडतो. आपल्याकडे जवान रिटायर होऊन आला की स्टेशनापासून उघडी जीप, बेंजो, फेटा, ग्रामपंचायतीसमोर सत्कार, नाक्यावर बॅनर. पुढच्या शिमग्यापर्यंत त्याच माणसाबद्दल चहाच्या टपरीवर ऐकू येतं, "फौजी तो, डोकं फिरलेलंच असणार."

माझ्या ओळखीतले एक जण १९९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासच्या बाजूला होते. बागेतली माकडं हाकलायला कुणी सुतळी बॉम्ब लावला की ते भरल्या ताटावरून उठतात आणि मागच्या दाराशी जाऊन उभे राहतात. कुणाशी काही बोलत नाहीत. गावाचं निदान ठरलेलं आहे: पितात.

ह्यात मी गावाला नाही, फौजेला दोष देतो. रंगरूटाचा सैनिक करायला सेंटरवर महिनोन्महिने रगडतात. उलटा प्रवास मात्र त्यानं एकट्यानं करायचा. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स आहेत, पण ते पोटापाण्याचे. नोकरीत असताना जवान झोपेबद्दल तोंड उघडत नाही, कारण मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, पडली की प्रमोशन अडतं. म्हणून सुटताना मेडिकल बोर्डासमोर तो एकदम फिट. कागदावर आजारच नाही, तर अपंगत्व पेन्शन कसली मागणार?

बंदरपट्टी
राग मानू नका, पण फौजींचं जरा अति होतंय. पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना आहे, राज्य सरकारच्या भरतीत राखीव जागा आहेत, २०१५ ला वन रँक वन पेन्शनही जाहीर झाली. आमच्या खलाशाला काय आहे? २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा किती जण परत आलेच नाहीत. जे आले, ते वादळ ओसरल्यावर पुन्हा बोटीवर चढले. त्यांना झोप लागते का, कुणी विचारलं? चाळिशीत पेन्शन घेऊन घरी बसायचं आणि वर मन लागत नाही म्हणायचं. हाताला काम द्या, सगळं जागेवर येईल.

सड्यावरचा
फयानमधून आलेल्यांना विचारायलाच हवं होतं. त्यांना विचारलं नाही म्हणून ह्यांनाही विचारू नये, हा न्याय मला कळला नाही.

गुहागरची_सून
दोघंही एकट्या पुरुषाचं बोलताय. त्याच्या घरात आणखी माणसं असतात.

आमचे हे सतरा वर्षांनी हवालदार म्हणून घरी आले. २००१-०२ ला ऑपरेशन पराक्रममध्ये राजस्थानच्या सीमेवर होते. युद्ध झालंच नाही, पण सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना माणसं गेली. त्यातलं त्यांनी मला फार थोडं सांगितलं. ते नसताना सासूबाईंचं औषधपाणी, मुलांच्या शाळा, गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, काम, कुळाच्या केसच्या तारखा, सगळं मी केलं. हे आले तेव्हा घरात त्यांच्यासाठी काम म्हणून शिल्लकच नव्हतं. मुलगी प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला ह्यांच्या समोरून चालत माझ्याकडे यायची. पहाटे पाचला सगळ्यांना उठवणं, चपला एका रेषेत लावायला लावणं, हे सगळं तिथून सुरू झालं असं माझं मत. सुरुंगांचा वाटा असेल, पण सहीचाही आहे.

त्यात भाऊबंदकी. सामाईक सातबारा, चुलतदिरांनी आमच्या वाटेवर चिऱ्याचा बांध घातलेला. ह्यांना सवय वरून हुकूम आला की काम फत्ते होण्याची. तलाठ्याच्या ऑफिसात हुकूम कुणाचा चालतो? पाचव्या खेपेला हे तिथे इतके ओरडले की पोलीस आले.

बंदरपट्टी, काम द्या म्हणता ना? मुंबईत एटीएमबाहेर गार्ड म्हणून उभे राहिले ते. महिन्याभरात परत. दहा जवानांच्या सेक्शनचा कमांडर होता तो माणूस. माझं मागणं साधं आहे: सुटायच्या आधी महिनाभर बायकोलाही युनिटवर बोलवा आणि दोघांना समोरासमोर बसवून बोला.

कणकवलीचो_लाल_डबो
तुमी मुंबयत बसान फौजीक आजारी ठरवतास. माझो चुलतो सुभेदार. रिटायर झालो आणि दुसऱ्या दिसाक कोयतो घेवन बागेत. कोनी इचारल्यान तर सांगता, "माका झोप लागता, तू तुझा बघ."

गुहागरची_सून
मी गुहागरातच आहे हो, मुंबईत नाही. चुलत्यांची बाग एकट्याच्या नावावर आहे का?

कणकवलीचो_लाल_डबो
भाव मुंबयक. तेंनी हक्क सोडल्यानी.

गुहागरची_सून
मग झालं तर.

जुना_दापोलीकर
सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: गाव ठीक आहे, फौजीनं त्यात बसायचं. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास वेगळं सांगतो. इंग्रजांच्या काळात दापोली कॅम्पात पेन्शनर शिपायांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथेच राहायला आले, म्हणून बाबासाहेबांचं लहानपण काही काळ दापोलीत गेलं. त्यांच्या आधी महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. १८८६ ला फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत आले. पलटणीत हुद्दा, लिहिणं-वाचणं, मान सगळं होतं. गावच्या वेशीत शिरलं की पुन्हा अस्पृश्य म्हणून पाणवठा बंद. पुढे महारांची भरतीच थांबवली, तेव्हा वलंगकरांनी सरकारकडे अर्ज केला. महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली तर सवर्ण सभासदांना ते शेजारी नकोत. १९२७ च्या महाडच्या, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या परिषदेमागेही पेन्शनर फौजींचं बळ होतं. ही माणसं गावाशी जुळवून घेत बसली असती तर? परत आलेल्या माणसाला गाव टोचतं, तेव्हा तपासणी गावाचीही करा.

सड्यावरचा
मुद्दा मान्य, पण तो लढा सगळ्यांनी मिळून दिला. मागच्या दाराशी उभा असलेला माणूस एकटा आहे, रात्रीचे दोन वाजलेत. त्याला इतिहास सांगून काय होणार?

माजी_नाईक
मी १९९९ च्या त्याच उन्हाळ्यात तिकडे द्रासच्या बाजूला वर होतो. सड्यावरचा, तुमची कळकळ समजते, पण तुम्हीही टपरीवाल्यांसारखंच बोलताय, फक्त सभ्य शब्दांत. आवाजानं दचकणं ही वर असताना आमची कामाची गोष्ट होती. जो दचकला नाही तो राहिला नाही. इथे आल्यावर तिचाच आजार झाला. फौजेला शिव्या देऊ नका. मला आठवण येते ती बंकरमधल्या माणसांची. घरच्यांपेक्षा जास्त येते, हे लिहितानाही लाज वाटते.

डॉक्टरकडे जा म्हणणं सोपं आहे. कोकणात "रत्नागिरीला नेलं" म्हटलं की मनोरुग्णालय असा अर्थ लागतो, आणि माझ्या मुलीची सोयरीक व्हायची आहे. मी १४४१६ ला, टेलिमानस ह्या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, फोन केला. नाव न सांगता मराठीत बोलता आलं. बरं वाटलं का, ते अजून सांगता येत नाही.

आणि तुम्ही माझ्यावर भांडताय, तोवर अग्निवीर येताहेत. २०२२ ची योजना, चार वर्षांची नोकरी, चौघांतला जास्तीत जास्त एक कायम. बाकीचे पंचविशीच्या आसपास, पावणेबारा लाखांच्या आसपास सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, घेऊन घरी. पेन्शन नाही. त्यांना कोण सांभाळणार?

बंदरपट्टी
नाईकसाहेब, तुमच्यासाठी नव्हतं ते, रागावू नका. पण पेन्शनवाल्यांबद्दल माझं मत तेच आहे. अग्निवीरांचं वेगळं, ती पोरं खरंच अडकणार. आमच्याकडे ट्रॉलरवर माणूस मिळत नाही, नेपाळहून आणावे लागतात. पोहता येत असेल तर पाठवा. मात्र बोटीवर हुकूम तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचा, हे आधीच सांगून ठेवा.